दहा बाय दहाच्या खोलीत शिवणकामाचं घडीचं टेबल: मापापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत

घरी शिवणकाम करणाऱ्या माझ्या ओळखीतल्या अनेकींनी घडीचं कटिंग टेबल करून घेतलंय. त्यातली बरीचशी टेबलं एक तर कायमची उघडी असतात, नाही तर कायमची बंद. उघडी असतात तिथे खोलीत चालायला जागा नाही. बंद असतात तिथे कापड पुन्हा जमिनीवर अंथरून कापणं सुरू. पैसे गेले, पाठदुखी तशीच राहिली.

माझं पहिलं टेबलही असंच चुकलं होतं. त्याचे ड्रॉवर लांब बाजूला होते. झडप, म्हणजे बाजूची खाली पडणारी फळी, सोडली की ड्रॉवर तिच्यामागे. एका बॉबिनसाठी झडप उचला, पाय ओढा, ड्रॉवर उघडा, परत सगळं बंद करा. दिवाळीच्या ऑर्डरींच्या गर्दीत कंटाळून मी झडप उघडीच ठेवली, आणि सहा महिने खोलीत अंग चोरून चालले. सुताराने मी सांगितलं तसंच केलं होतं. टेबल बंद असताना ड्रॉवर कुठून उघडणार, हे मी सांगितलंच नव्हतं.

म्हणून खालचा क्रम मुद्दाम तसा लावलाय: आधी बंद टेबल, मग उघडं टेबल, आणि मग प्लायवुडचं दुकान. मधे एक मोठं खोकं, दोन बाजूंना दोन पडत्या झडपा आणि त्यांना आधार द्यायला फाटकासारखे उघडणारे दोन पाय, असं हे टेबल आहे. बंद असताना झडपांच्या जाडीसकट साडेएकोणीस इंच बाय ३६ इंच, पूर्ण उघडल्यावर ७६ इंच बाय ३६ इंच.

## १. कापडाची आणि स्वतःची मापं आधी घ्या

टेबलाची रुंदी ठरवायची ती कापडाच्या पन्ह्यावरून. अस्तराचा पन्हा बहुतेक ३६ इंच, साडीचा आणि बऱ्याच सुती कापडांचा ४४ च्या आसपास, ड्रेस मटेरियलचा ५८ ते ६०. आपण कापतो ते दुमडून. म्हणजे ४४ चं कापड टेबलावर २२ इंच जागा घेतं आणि ६० चं ३० इंच. टेबल ३६ इंच रुंद असेल तर ६० पन्ह्याची घडी पसरून कातर, खडू आणि टेप ठेवायला ६ इंच उरतात. ३० इंचांचं टेबल केलं तर ड्रेस मटेरियलची किनार बरोबर टेबलाच्या कडेवर येते, जरा हललं की लोंबते, आणि लोंबणारं कापड वजनाने सरकतं. कुर्त्याची एक बाजू तिरकी जाते ती अशी.

लांबीचा हिशेब कपड्यावरून. ४४ इंची कुर्त्याला खांदा आणि दुमड धरून साधारण ४६ इंच लागतात. आपल्या टेबलाची मधली पट्टी १८ इंच आणि एक झडप २९ इंच, मिळून ४७. म्हणजे ब्लाउज आणि कुर्ता, रोजची बहुतेक कामं, एका झडपेवर होतात. गाऊन, अनारकली, लेहेंग्याच्या कळ्या असतील तेव्हाच दुसरी उघडायची. पूर्ण टेबल रोज उघडावं लागणार असेल, तर ते कायमचं उघडंच राहणार हे धरून चाला.

उंचीचं माप स्वतःच्या अंगावरून घ्या. पायात नेहमीची चप्पल असेल तर चपलेसकट, नसेल तर अनवाणी सरळ उभ्या राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. त्यातून ४ इंच वजा करा. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३८ इंचांवर येतं, म्हणजे टेबल ३४ चं. पुढचा सगळा हिशेब मी ३४ इंच धरून दिलाय. तुमची उंची वेगळी निघाली तर झडपेची लांबीही बदलेल, कारण झडप खाली सोडल्यावर जमिनीपासून वर राहिली पाहिजे. टेबलाच्या उंचीतून ५ इंच वजा केले की झडपेची जास्तीत जास्त लांबी मिळते.

दोघी एकाच टेबलावर काम करत असाल तर जिचं कटिंग जास्त तिची उंची धरा, आणि दोघींचं सारखंच असेल तर उंच असणारीची. बुटकीला पायाखाली लाकडी पाट घेता येतो. उंच असणारीला मात्र वाकण्यावाचून काही उपाय नसतो.

तपासा: घरातल्या जेवणाच्या टेबलावर पुस्तकं आणि वर एखादी फळी ठेवून तुमची उंची तयार करा आणि तिथे उभं राहून एक अख्खं ब्लाउज कापा. वीस मिनिटांनी कमरेत कळ आली तर इंचभर वाढवा, खांदे वर ओढले गेले तर इंचभर कमी करा.

## २. खोलीच्या फरशीवर टेबल काढा

कटिंगचाच खडू घ्या आणि फरशीवर दोन चौकोन काढा: साडेएकोणीस बाय ३६ चा बंद आणि ७६ बाय ३६ चा उघडा.

दहा बाय दहाची खोली म्हणजे १२० इंच. मशीनचं टेबल २१ इंच खोल धरा, त्यामागे स्टूल आणि उठबस करायला ३० इंच, मग आपलं टेबल ३६ इंच. मागे ३३ इंच उरतात, त्यातून माणूस सहज जातो. दुसऱ्या दिशेला पूर्ण उघडलं तर १२० मधून ७६ गेले, उरले ४४. ते दोन्हीकडे २२-२२ वाटू नका. टेबल एका भिंतीजवळ सरकवा, म्हणजे दुसऱ्या बाजूला निदान ३६ इंचांची वाट मिळेल.

ड्रॉवरचं तोंड मशीनच्या बाजूला येईल असं टेबल ठेवा. ड्रॉवर १६ इंच बाहेर येतात, स्टूलच्या मागच्या ३० इंचांत ते उघडतात आणि बसल्या जागी वळून रीळ घेता येतं. खोलीचं दार आणि कपाटाचं दार पूर्ण उघडून बघा. खडूच्या रेघेवरून दार जात असेल तर आत्ताच जागा बदला.

तीन दिवस त्या रेघा पुसू नका. त्यावरून चाला, इस्त्री करा, माप द्यायला आलेल्या बाईला उभं करा. कुठे अडतं ते कागदावरच्या नकाशापेक्षा इथे लवकर कळतं.

## ३. ठेवायच्या वस्तूंची यादी, मग कप्पे

इथे घाई होते. सुतार विचारतो, "ताई, ड्रॉवर किती?" आणि आपण म्हणतो, "चार-पाच द्या." मग सगळे सारख्या उंचीचे होतात: रिळांच्या वर चार इंच हवा आणि इस्त्री कशातच मावत नाही.

आधी सगळं सामान जमिनीवर मांडा आणि तीन ढीग करा. पहिला, मशीनवर बसल्यावर लागणारं: रिळं, बॉबिन, सुया, हूक, बटणं, उसवायची सुई. दुसरा, उभं राहून लागणारं: कातर, खडू, टाचण्या, पट्ट्या, पेपर कटिंग (कागदी नमुने). तिसरा, दिवसातून एकदाच लागणारं: अस्तराचे तागे, लेस, इस्त्री, आलेल्या ऑर्डरींच्या पिशव्या.

आता खोक्याची मापं. मधली पट्टी १८ इंच रुंद, पण तिच्याखालचं खोकं फक्त १४ इंच रुंद. दोन्ही बाजूंना सोडलेले २-२ इंच फाटकाच्या पायांसाठी आहेत. खोक्याची लांबी ३४ इंच. खाली लावायच्या चाकांची ३ इंच उंची, वरची पाऊण इंचाची फळी आणि तळाची पाऊण इंचाची फळी वजा केली की बाजूच्या फळ्या साडेएकोणतीस इंच उंच येतात.

आत सगळ्यात वर, खोक्याच्या झाकणाखाली, ४ इंच उंचीचा आरपार बोगदा सोडा, दोन्ही टोकांना उघडा. पेपर कटिंगच्या गुंडाळ्या, आर्महोलची वळणाची पट्टी आणि काटकोनी पट्टी यात ठेवा. आधी या गुंडाळ्या दाराच्या मागे उभ्या असायच्या आणि पावसाळ्यात खालून ओल्या व्हायच्या. मीटरपट्टी मात्र ३९ इंचांहून थोडी जास्त लांब असते, ती या ३४ इंचांच्या बोगद्यात मावणार नाही. ती भिंतीवर खिळ्याला लावा.

बोगद्याखाली २४ इंच उंची उरते. तिच्या मधोमध एक उभी फळी. मशीनच्या बाजूला चार ड्रॉवर: वरचे दोन ४ इंचांचे, तिसरा ६ चा, खालचा १० चा. दुसऱ्या टोकाला दोन आडव्या फळ्या घालून साडेसात इंचांचे तीन उघडे कप्पे, ऑर्डरींसाठी: वर आज द्यायच्या, मधे या आठवड्याच्या, खाली न कापलेल्या. हे कप्पे उघडेच ठेवा. दार लावलं की पिशवी आत जाते आणि मनातूनही जाते.

सगळे ड्रॉवर आणि कप्पे खोक्याच्या आखूड टोकांना आहेत. त्यामुळे झडपा वर असोत की खाली, ते उघडतात.

सावध: इस्त्री, अस्तराचे तागे, जुन्या कातरी असं जड सामान खालच्या १० इंची ड्रॉवरमध्येच. १४ इंच रुंदीच्या खोक्यात जड वस्तू वर ठेवल्या तर टेबल ढकलताना कलंडू शकतं.

## ४. सुताराला द्यायचा कागद

मोबाईलवरचा फोटो दाखवून काम देऊ नका. एका कागदावर तीन चित्रं काढा: वरून, समोरून आणि आखूड बाजूने. रेघ वाकडी असली तरी चालेल, आकडे स्पष्ट हवेत. प्रत्येक मापापुढे "बाहेरून-बाहेर" की "आतून-आत" हे लिहा. खोक्याची रुंदी १४ म्हणजे बाहेरून. आतून ती साडेबारा, कारण दोन्ही बाजूंच्या फळ्यांनी पाऊण-पाऊण इंच घेतला. टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी, प्रत्येक बाजूला अर्धा इंच घेतो, म्हणून ड्रॉवरची बाहेरची रुंदी साडेअकरा. हा इंचाचा हिशेब कागदावर नसला की ड्रॉवर घट्ट होतो आणि मग रंधा मारून मारून तो तिरका केला जातो.

चॅनल १६ इंची घ्या. ३४ इंचांतून मधली उभी फळी वजा केली तर प्रत्येक टोकाला सोळा इंच पाच सूत मिळतात. (सुतार सुतात बोलतात: ८ सूत म्हणजे १ इंच. तुम्हीही सुतात बोललात तर गोंधळ कमी होतो.) ड्रॉवरचं तोंड (समोरची फळी) खोक्याच्या बाहेरून बसणारं ठेवा, आणि हँडलऐवजी वरच्या कडेला बोट जाईल एवढी खाच. बाहेर आलेलं हँडल ओढणीत अडकतं.

## ५. सामान: कशावर खर्च करायचा

प्लायवुड १९ मिलिमीटरचं, आठ बाय चारच्या दोन शीट. पहिल्या शीटमधून वरचे तिन्ही तुकडे निघतात: २९, १८ आणि २९, मिळून ७६ इंच, रुंदी ३६. शीट ९६ इंच लांब असल्याने करवतीची जाडी गेली तरी १९ इंचांचा पट्टा उरतो. त्यातून ऑर्डरींच्या कप्प्यांच्या दोन आडव्या फळ्या आणि ड्रॉवरची तोंडं काढा. दुसऱ्या शीटमधून खोक्याच्या दोन बाजू, तळ, झाकण, बोगद्याची फळी आणि मधली उभी फळी. ड्रॉवरच्या बाजूंना १२ मिलिमीटर आणि तळांना ६ मिलिमीटर. सुताराकडे आधीच्या कामांचे तुकडे उरलेले असतील तर ते चालतात.

कोरड्या हवेच्या गावात आयएस ३०३ या मानकाचं एमआर (थोडा ओलावा सोसणारं) प्लाय पुरतं. कोकण, मुंबई, गोवा इथे किंवा भिंतीला ओल येणाऱ्या खोलीत पाणी सोसणारं आयएस ७१० चं घ्या; दुकानात नुसतं "सातशेदहा" म्हटलं तरी कळतं. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं टेबल करू नका. झडप रोज वर-खाली होते, त्या बोर्डात बिजागरीचे स्क्रू काही महिन्यांत ढिले पडतात, आणि इस्त्रीच्या वाफेने कडा फुगतात.

सनमाइका हलक्या रंगाची, चमक नसलेली. चकचकीत पृष्ठभागावर सिल्क आणि जॉर्जेट घसरतं, आणि वरच्या दिव्याची तिरीप थेट डोळ्यांत येते. पांढरीशुभ्र नको, पांढऱ्या अस्तराची कड तिच्यावर दिसत नाही. फिकट राखाडी किंवा बदामी बघा.

पैसे वाचवायचे तर ड्रॉवरच्या तोंडांवर वाचवा. चाकं, चॅनल आणि बिजागरी यांवर वाचवू नका. चाकं चारही ब्रेकची. चाक २ इंची म्हटलं तरी पट्टीसकट त्याची उंची जास्त भरते, म्हणून दुकानातच टेप लावून पूर्ण उंची मोजा. ती ३ इंच नसेल तर खोक्याच्या बाजू तेवढ्या कमी-जास्त करा. प्लाय कापण्याआधी चाकं घरात आलेली असली पाहिजेत, नाही तर टेबलाची उंची चुकते.

## ६. बांधणीचा क्रम

हा क्रम मोडला की प्रत्येक पुढची गोष्ट जुळवून घ्यावी लागते.

1. बाजू, तळ, झाकण, बोगद्याची फळी आणि मधली फळी स्क्रूने नुसती जोडून पाहा, फेविकॉल न लावता. गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) लावून चारही कोपरे तपासा. मग दोन्ही कर्ण मोजा. दोन कर्णांत एका सुतापेक्षा जास्त फरक असेल तर खोकं तिरकं आहे आणि ड्रॉवर कधीच सरळ चालणार नाहीत.

2. सगळं उलगडून फेविकॉल लावून पक्कं जोडा. रात्रभर तसंच ठेवा.

3. चाकं लावा. खोकं सरळ उभं करून चारही ब्रेक दाबा आणि हलवून बघा.

4. वरच्या तिन्ही फळ्यांना दोन्ही बाजूंनी सनमाइका लावा. "खालून कोण बघतंय?" म्हणून खालची बाजू सोडली जाते. एकाच बाजूला सनमाइका असली की फळी ओढली जाऊन वाकते, आणि वाकलेली झडप मधल्या पट्टीशी कधीच एका पातळीत येत नाही. खालच्या बाजूला स्वस्तातली लावा, पण लावा.

5. कडांना लाकडी पट्टी किंवा एज बँड (चिकटवायची पातळ पट्टी). मग (झडपा आधी उलट्या करून जोडायच्या असतील तर सातवी पायरी झाल्यावर) मधली १८ इंची पट्टी खोक्यावर बसवा, लांब बाजूंना २-२ इंच आणि आखूड टोकांना १-१ इंच बाहेर. ड्रॉवरची तोंडं पाऊण इंच पुढे येतात, ती या एका इंचाखाली झाकली जातात.

तपासा: जुनी शिफॉनची ओढणी घ्या आणि प्रत्येक कडेवरून, प्रत्येक कोपऱ्यावरून हलकेच ओढा. जिथे धागा अडकला तिथे कानस आणि बारीक पॉलिश पेपर फिरवा, आणि पुन्हा ओढणी ओढा. हे सुताराच्या समोरच करा. तो गेल्यावर एखादी महागडी पैठणी अडकली की मग काही करता येत नाही.

## ७. झडपा लावणे

झडपेला तिच्या सांध्याच्या पूर्ण कडेइतकी, म्हणजे ३६ इंचांची सलग बिजागरी लावा, तिला पियानो बिजागरी म्हणतात. दोन-तीन सुट्या बिजागऱ्या लावल्या तर मधल्या भागात फट पडते. दोन्ही बाजूंनी सनमाइका लावलेली अशी एक झडप साधारण १० किलोची होते, ते वजन अख्ख्या कडेवर वाटलं गेलं पाहिजे.

बिजागरी खालच्या बाजूने लावा, फळीच्या सपाट अंगाला. प्लायवुडच्या कडेत मारलेला स्क्रू थरांच्या मधे घुसतो आणि त्याची पकड टिकत नाही. सपाट अंगात तो थरांना आरपार धरतो.

मधली पट्टी आणि झडप उलट्या करून सपाट जमिनीवर एकमेकींना चिकटवा, बिजागरी सांध्यावर ठेवा, आधी दोन टोकांचे आणि मधला असे तीनच स्क्रू मारा. उचलून, उघडझाप करून बघा. सांधा सगळीकडे सारखा मिटत असेल तरच बाकीचे स्क्रू. प्रत्येक स्क्रूआधी बारीक ड्रिलने भोक पाडून घ्या. (मधली पट्टी आधीच खोक्यावर बसली असेल तर दुसऱ्या माणसाने झडप पातळीत धरून ठेवायची. एकट्याने हे काम करू नका, झडप निसटली तर पायाच्या बोटांवरच येते.)

झडप खाली सोडल्यावर ती सरळ लोंबली पाहिजे आणि खालून साधारण सव्वाचार इंच मोकळे राहिले पाहिजेत. फरशी पुसताना हात आत जातो एवढी ही जागा. झडप बाहेरच्या बाजूला तिरकी राहिली तर आत काहीतरी तिला ढकलतंय. बहुतेक वेळा ते फाटक असतं, म्हणून पुढची पायरी नीट वाचा.

## ८. फाटकाचे पाय: इथे सगळ्यात जास्त चुकतं

दीड बाय दीडच्या लाकडी रिपा घ्या. रंधून त्या सव्वा इंचाच्या होतात. दोन उभ्या आणि दोन आडव्या जोडून चौकट करा, हेच फाटक. चौकटीची लांबी २६ इंच. आतली उभी रीप बिजागऱ्यांनी खोक्याच्या बाजूला जोडायची, बाहेरची उभी रीप जमिनीपर्यंत जाणारा पाय.

फाटकाची बिजागरी खोक्याच्या मधोमध लावायची चूक खूप जण करतात. खोकं ३४ इंचांचं, मधे बिजागरी म्हणजे फाटक १७ इंचांपेक्षा लांब करता येत नाही. मग २९ इंचांच्या झडपेला अर्ध्यातच आधार मिळतो. बिजागरी एका टोकापासून ५ इंचांवर लावा. फाटक मिटलं की ते ५ पासून ३१ इंचांपर्यंत येतं, खोक्यातच मावतं.

दुसरी चूक म्हणजे फाटक काटकोनात उघडणं. बिजागरी टोकाजवळ असल्याने काटकोनात उघडलेला पाय झडपेच्या एका बाजूलाच राहतो. दुसऱ्या कोपऱ्यावर हात टेकवला की तो कोपरा दबतो. पाय झडपेच्या मधल्या रेषेवर आला पाहिजे. तिथे तो खोक्यापासून २३ इंच बाहेर असतो, म्हणजे सांध्यापासून २१ इंच. २९ पैकी २१ इंचांवर आधार मिळाला की झडप कापडाचा गठ्ठा आणि वाकलेल्या माणसाचे हात आरामात पेलते. झडपेच्या खाली, त्या जागेच्या पलीकडे एक लाकडी गुटका ठोका, म्हणजे फाटक दर वेळी तिथेच येऊन थांबेल. गुटका अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, आणि झडप खाली असताना तो फाटकाच्या चौकटीच्या मोकळ्या भागात येतो की आडव्या रिपेवर आपटतो, हे बघून घ्या.

तिसरी गोष्ट फाटकाच्या उंचीची. झडपेची खालची बाजू जमिनीपासून सव्वातेहतीस इंचांवर आहे. फाटक बरोबर तेवढंच उंच केलं तर ते फिरताना मधल्या पट्टीला घासतं आणि पियानो बिजागरीच्या गोल नळीला अडतं. म्हणून फाटक बरोबर ३३ इंचांचं करा, आणि झडपेखाली जिथे ते येऊन थांबतं तिथे ६ मिलिमीटर प्लायचा तळहाताएवढा तुकडा चिकटवा. पाव इंचाचा फरक तो तुकडा भरून काढतो. झडप किंचित उचलायची, फाटक ओढायचं, झडप त्या तुकड्यावर टेकवायची.

पायाच्या तळाला आट्यांवर फिरवून उंची कमी-जास्त करता येणारा बूट लावा. ३३ इंच हे त्या बुटासकट. फरशी कुठल्याच घरात पूर्ण सपाट नसते. टेबल जिथे रोज उघडणार तिथे एकदा बूट फिरवून पातळी लावली की काम झालं.

एका बाजूचं फाटक डाव्या टोकाकडून आणि दुसऱ्या बाजूचं त्याच्या तिरक्या समोरच्या टोकाकडून लावा, म्हणजे दोन्ही बिजागऱ्यांचा ताण खोक्याच्या एकाच टोकावर पडत नाही.

सावध: चाकं लावण्याआधी पाय कापू देऊ नका. "नंतर बघू, घासून घेऊ" म्हणत कापलेला पाय अर्धा इंच आखूड निघाला की झडप उताराला लागते आणि कातर घसरत खाली येते. आखूड पाय लांब करता येत नाही.

## ९. ड्रॉवर आणि आतली मांडणी

चॅनल लावताना खालच्या ड्रॉवरपासून वर या. प्रत्येक जोडीची उंची समोरून आणि मागून दोन्हीकडे मोजा. समोर ४ इंच आणि मागे सव्वाचार असेल तर ड्रॉवर आपोआप बाहेर सरकतो.

वरच्या ४ इंची ड्रॉवरमध्ये रिळं उभी ठेवायला ६ मिलिमीटरच्या फळीवर बारीक गोल काड्या ठोकून घ्या आणि रंग ओळीने लावा. दुसऱ्यात हूक, बटणं, काजांची सुई यांसाठी छोट्या आडव्या-उभ्या पट्ट्या. या पट्ट्या चिकटवू नका, नुसत्या अडकवा. सहा महिन्यांत तुमचं काम बदलतं, फॉल-पिको वाढतं किंवा लहान मुलांचे फ्रॉक येतात, आणि खण बदलावे लागतात.

कातर ड्रॉवरमध्ये कधीच मोकळी टाकू नका. टोक आत करून जाड कापडाच्या खोळीत ठेवा.

## १०. वापरायच्या आधी

दोन्ही झडपा उघडून सगळे ब्रेक दाबा. झडपेच्या बाहेरच्या कोपऱ्यावर तळहाताने दाब द्या, चारही कोपऱ्यांवर एकेक करून. कुठे डुगडुगलं तर बूट फिरवा. मग मधल्या सांध्यावरून कातरीची खालची पाती सरकवत न्या, कापड कापताना नेतो तशी. ती सांध्यात अडकली तर झडप वर किंवा खाली आहे. फाटकाखालच्या ६ मिलिमीटरच्या तुकड्यावर जाड कागदाची घडी घालून किंवा बूट अर्धा आटा फिरवून ते जुळतं.

कडेला इंचांची पट्टी चिकटवायची असेल तर ती मधल्या १८ इंचांतच किंवा एका झडपेतच चिकटवा. सांध्यावरून नेली तर हवेनुसार सांधा उघडतो-मिटतो आणि माप फसवतं.

इस्त्री थेट सनमाइकावर नको. उष्णतेने खालचा डिंक सुटतो आणि फुगवटा येतो. मधल्या १८ बाय ३६ च्या पट्टीवर जुनी घोंगडी, तिच्यावर धुतलेलं जाड सुती कापड, अशी घडी टाकून मगच इस्त्री. मधली पट्टी खोक्यावर टेकलेली असल्याने इस्त्रीचा दाब झडपेवर पडत नाही. इस्त्रीची वायर झडपेच्या सांध्यावरून नेऊ नका. झडप खाली सोडताना ती चिमटली की आतली तार उघडी पडते.

टेबल हलवायचं असेल तेव्हा दोन्ही झडपा खाली, फाटकं आत, मग ब्रेक काढा. ढकलायचं ते खालच्या अर्ध्या भागाला हात लावून आणि लांबीच्या दिशेने.

पहिल्या महिन्यानंतर पियानो बिजागरीचे आणि फाटकाच्या बिजागऱ्यांचे स्क्रू एकदा आवळा. नंतर दर पावसाळ्याच्या सुरुवातीला. जूनमध्ये फाटक जड चालायला लागलं तर लगेच रंधा मारू नका. लाकूड दमट हवेत फुगलंय, दिवाळीच्या सुमारास ते परत बसतं. तोवर घासणाऱ्या जागेवर मेणबत्ती घासून ठेवा.